मरियमच्या लग्नातला उसना कॅमेरा

मस्कतमध्ये नोव्हेंबर आला की लोकांना हायसं वाटतं. मला नाही वाटत.

काल सकाळी मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एसी बंद केला आणि हॉलची खिडकी सरकवली. एप्रिलपासून ती उघडली नव्हती. खोबणीतली वाळू करकरली, आणि एसीच्या घुमण्याखाली इतके महिने दबलेले आवाज एकदम घरात शिरले. शेजारचा कुकर, खालची शाळेची बस, कुणीतरी गच्चीवर ठोकत असलेला खिळा. अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हिवाळा आधी कानाला कळतो, अंगाला नंतर. "वा! काय हवा पडलीये!" मिलिंद म्हणाला. मी "हो ना" म्हटलं आणि ओढणीला हात पुसले. 

ही हवा आली की लग्नांचे हॉल पेटतात. रस्त्याच्या खांबांवर हिरवे-लाल-पांढरे दिवे लागतात ते राष्ट्रीय दिनाचे. हॉलवरचे दिवे वेगळे, वरपासून खालपर्यंत सोडलेले. इतकी वर्षं झाली, तरी असा हॉल दिसला की मी आधी पर्स चाचपते. पर्सच्या आतल्या कप्प्यात काही नसतं. एकदा होतं, आणि तो नोव्हेंबर अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

ते दिवस मोठ्या कॅमेऱ्यांचे होते. मोबाइलवर फोटो निघायचे, पण त्यांना फोटो कोण म्हणतं! गळ्यात काळा, वजनदार, लेन्स बदलता येणारा डिजिटल एसएलआर असला की माणूस जरा ताठ चालायचा. आमच्या ओळखीतल्या मराठी पुरुषांचे तर दोन पक्षच पडले होते. पट्ट्याच्या रंगावरून एक लाल पार्टी आणि एक पिवळी पार्टी. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळी कुटुंबं एखाद्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीच्या पात्रात, डबे घेऊन जायचो. बायका सतरंजी घालेपर्यंत हे सगळे ओळीने बसून एकाच बकरीचे फोटो काढायचे आणि मग कुणाच्या बकरीचे केस जास्त स्पष्ट, यावर जेवण निवेपर्यंत भांडायचे. कंपन्यांचं दर सहा महिन्यांनी नवं मॉडेल. लालने काढलं की पिवळीने काढायचंच. मालक तिकडे जपानात, आणि रक्त आटवायला आमचे साताऱ्या-नागपूरचे इंजिनियर.

मिलिंद कुठल्याच पार्टीत नव्हता. त्याने हट्टाने तिसऱ्याच कंपनीचा घेतला होता. का, तर म्हणे बॉडीतच हात स्थिर करायची सोय. "काय मिलिंदराव, कंपनी आहे ना अजून?" असं त्याला दर पिकनिकला कुणीतरी विचारायचंच. तो हसायचा, पण घरी आल्यावर कंपनीच्या बातम्या शोधत बसायचा. कारण या कॅमेऱ्यांचं गणित लग्नासारखं होतं. लेन्स बसते ते बॉडीचं तोंड एकदा निवडलं की त्याच घरच्या लेन्स, त्याच घरचा फ्लॅश, बॅटरी, चार्जर. दुसऱ्या घरचं काही म्हणून बसायचं नाही. कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर तुम्ही माहेरही गमावलेलं आणि सासरही.

त्या तिसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर मात्र हात बसला माझा. मिलिंद वाचायचा जास्त, काढायचा कमी. मी काढायचे. अल खौदच्या एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. तिथली नर्स जुवैना ही ओमानी, माझ्याच वयाची, फडाफडा हिंदी बोलणारी. दवाखान्यातल्या बायकांच्या पार्टीत मी काढलेले फोटो तिने बघितले आणि एक दिवस चहाच्या खोलीत मला भिंतीशी गाठलं. "तू औरत है, बडा कॅमेरा है. मेरी बहन का शादी है. तू आ."

इथल्या लग्नात बायकांचा हॉल वेगळा. तिथे पुरुष नाहीत, म्हणून सगळ्या अबाया खुंटीला टांगून, केस सोडून, दागदागिन्यांनी मढून बसतात. तिथला फोटो काढायला बाईच लागते. आणि तो फोटो नंतरही बायकांनीच बघायचा असतो.

"कोई मर्द नहीं देखेगा," जुवैना म्हणाली. "कोई मतलब कोई भी नहीं."

"इन्शाल्ला," मी सवयीने म्हटलं.

"इन्शाल्ला नहीं." तिने माझं मनगट धरलं. "वल्ला बोल."

वल्ला म्हणजे देवाशपथ. इन्शाल्लात माणसाला पळवाट असते, वल्लात नसते. मी म्हटलं, वल्ला. तेव्हापासूनच माझी झोप उडाली.

आमच्या कॅमेऱ्याला अंधार सोसायचा नाही. कमी उजेडात फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे यायचे, आणि त्या हॉलमध्ये वधू येते तेव्हा दिवे मालवतात, हे मला जुवैनानेच सांगितलेलं. म्हणून मी मिलिंदला घेऊन रुवीच्या बाजारात गेले, नुसती चौकशी करायला. तिथे एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन एजन्सी, एक लालवाल्यांची, एक पिवळ्यांची. दोघांचे बोर्ड एकमेकांकडे डोळे वटारून. आम्ही त्यातल्या एकीत शिरलो. कुठल्या ते सांगत नाही, नाहीतर आमच्या मंडळात पुन्हा भांडणं लागतील. तिथला सेल्समन नौशाद हा केरळचा, तोंडात साखर.

"मॅडम, नया मॉडेल. अंधेरे का राजा. आप ले जाओ, एक शादी मारो, शनिवार को वापस करो. पसंद आया तो पुराना छोडके हमारे पास आ जाओ."

"पैसे?"

"ट्रायल का क्या पैसा? बस दो-चार फोटो हमको दे देना. बोर्ड पे लगाएंगे."

"दुल्हन का फोटो नहीं मिलेगा."

"पीछे से भी चलेगा मॅडम."

मी नाही म्हटलं, तरी त्याने कॅमेरा दिलाच. माल अजून दुबईतच होता, पण समोरच्या दुकानात नवं मॉडेल दिसायच्या आत यांना आपलं एक तरी दाखवायचं होतं. तोच एकुलता एक डेमोचा कॅमेरा. खोका नाही, पुस्तक नाही, सीडी नाही. बॅटरी आणि चार्जर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले, भाजी दिल्यासारखे. मिलिंद गाडीत तो मांडीवर घेऊन बसला होता, आणि सिग्नल सुटला तरी आमची गाडी हलत नव्हती.

लग्न बुधवारी संध्याकाळी होतं. बाहेर दमट हवा, आत बर्फासारखा एसी. दार ओलांडलं आणि लेन्सवर धुकं चढलं. दारातल्या बाईने माझा फोन काढून पिशवीत घातला आणि बिल्ला दिला. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं, जुवैना धावत आली, बोलणं झालं, मला सोडलं. पुसलेली लेन्स पुन्हा पुन्हा धुरकट होत होती. त्यात लोबानचा धूर. वेलची घातलेल्या काहव्याचा वास, उदाचा वास, ढोलाचा दणका पायाखालून वर चढणारा. मला भीती वाटत होती की बॅटरी जाईल, कार्ड भरेल, पाय कुणाच्या झग्यात अडकेल, आणि उसना कॅमेरा फरशीवर पडेल. दिवे मालवले आणि वधू आली. मग मी फोटो काढले. कसे काढले मला आठवत नाही. एकदा डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला की भीती जरा वेळ बाजूला उभी राहते, एवढंच आठवतं.

आमच्या त्या बकरीवाल्या मंडळींचा एक धर्म होता. जेपीजीत फोटो काढणं म्हणजे पाहुण्यांना हॉटेलातली भाजी वाढणं. खरा माणूस रॉमध्ये काढतो. रॉ म्हणजे कच्ची फाईल. कॅमेऱ्याने त्यात काही शिजवलेलं नसतं, घरी येऊन कॉम्प्युटरवर आपण शिजवायचं. दोन वर्षं प्रत्येक पिकनिकला हे कानावर पडल्यामुळे मीही बटन फिरवून फक्त रॉवर ठेवलं होतं. या माणसांच्या संगतीत बसणाऱ्या बाईलाच ही अक्कल सुचते. घरगुती बाई सरळ जेपीजीत काढून मोकळी झाली असती.

गुरुवारी सकाळी, तेव्हा इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, मी दार लावून कार्ड कॉम्प्युटरला लावलं. एकही फोटो उघडेना. करड्या रंगाची चौकोनी चित्रं, ओळीने, आणि प्रत्येकावर फुली. दुसरं कार्ड लावलं, तेच.  कॅमेऱ्यात घातलं की छोट्या पडद्यावर सगळं दिसत होतं, कॉम्प्युटरवर काही नाही. प्रत्येक नव्या मॉडेलची कच्ची फाईल नवीच असते, तिचं सॉफ्टवेअर खोक्यातल्या सीडीत असतं, आणि आमचं खोकं दुबईत. हे सगळं मिलिंदने मला दाराबाहेरून समजावलं.

"आण इकडे, मी बघतो," तो म्हणाला.

"नको."

"नको काय? तुला जमणारे का ते?"

"तू बघायचं नाहीस. मी शब्द दिलाय."

"अगं, मी काय परका आहे का? तुझा नवरा आहे मी."

"तिचा नाहीस ना."

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून त्याला कळलं की मी चेष्टा करत नाहीये. "ठीक आहे बाई," म्हणाला आणि जाऊन पेपर उघडून बसला. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं. त्याला लागलं होतं ते मला कळत होतं. माझा नवऱ्यावर संशय नव्हता, त्याच्या कुतूहलावर होता. अंधाराचा राजा घरात आलाय आणि त्याची करामत बघायची नाही, हे त्याला उपाशी माणसासमोर ताट झाकून ठेवण्यासारखं होतं.

मी टॅक्सी करून एकटी रुवीला गेले. नौशाद म्हणाला, "टेन्शन क्यों लेते मॅडम? कार्ड छोड दो. ऑफिस के कॉम्प्युटर में सॉफ्टवेअर है, दस मिनट का काम."

"मैं खुद बैठती हूं. तुम सब बाहर जाओ."

"मॅडम, पासवर्ड साहब का है. साहब बैठेगा."

"कोई लेडी नहीं है?"

"लेडी दुकान में कहां मॅडम?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मैं आंख बंद करूंगा." मागे काचेच्या खोलीत तिघे जण कीबोर्डवर मान घालून बसले होते, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर बोर्ड लावायची जागा रिकामी होती. मी पर्स छातीशी धरून बाहेर आले.  शनिवारी कॅमेरा परत द्यायचा. तो गेला की ते फोटो बघायची ती छोटी खिडकीही गेली. आणि मरियम, म्हणजे जुवैनाची बहीण, पुढच्या आठवड्यात नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला निघणार. तिच्या आईला तिच्या हातात लग्नाचे फोटो देऊन पाठवायचं होतं. जुवैनाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "हो जाएगा, खलास." आणि फोन ठेवून रस्त्याच्या कडेला चक्क बसले.

घरी आल्यावर दोन्ही कार्डं मी पर्सच्या आतल्या कप्प्यातून काढून अंगावरच ठेवली, कुडत्याच्या आतल्या खिशात. अंघोळीला जाताना ती बाथरूमच्या फळीवर. सई, आमची लेक, तेव्हा इंडियन स्कूलमध्ये चौथीत. ती म्हणाली, "आई, यू आर डूइंग दॅट फेस अगेन." तिला मराठीत "चिंता" हा शब्द येत नव्हता. तो माझ्या चेहऱ्यावर वाचता येत होता फक्त.

शुक्रवारी जेवताना मिलिंद अचानक वरणभात तसाच सोडून उठला. "अगं! त्याच्या परीक्षणात वाचलंय मी. या मॉडेलमध्ये कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यातच कच्च्याचं जेपीजी होतं. एकेक करायला लागेल, पण होतं."

"कसं?"

"मेनूत असेल कुठेतरी. दे, मी..." आणि हात पुढे करून थांबला. खरकटा हात तसाच हवेत.  त्याने हात धुतला, स्वयंपाकघरातला पाट उचलला, फ्रीजसमोर ठेवला आणि फ्रीजकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसला.

"चल. काय दिसतंय ते वाचून दाखव."

मी आणि सई डायनिंग टेबलाशी बसलो. सई मुलगी, तिला चालणार होतं. तिला त्याचा काय आनंद! "बाबा, यू आर अ बॉय. यू कान्ट टर्न," तिने त्याला बजावलं. मी मेनूची पानं वाचत होते, मिलिंद फ्रीजच्या दाराला सांगत होता. "पुढे जा. अजून पुढे. आता प्रोसेसिंग असं काही आहे का बघ." त्याने तो मेनू कधी पाहिला नव्हता, फक्त वाचला होता. पण मुखपाठ होता. दोनदा चुकलो. एकदा "सगळं पुसायचं का?" असा प्रश्न पडद्यावर आला आणि मी कॅमेरा टेबलावर टाकून उभीच राहिले. "काही दाबू नकोस! काही दाबू नकोस!" तो भिंतीकडे बघत ओरडला. मान मात्र वळली नाही.

मग पहिला फोटो तयार झाला. कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं, आणि तो उघडला. सबंध पडदाभर. मी रडायलाच लागले.

"काय झालं? गेला का?" मिलिंदने घाबरून विचारलं.

"आला रे. आला."

सगळी दुपार आम्ही तेच केलं. दाब, निवड, ठेव. दाब, निवड, ठेव. बोटाला वळ पडला. मिलिंद पाटावरून उठला नाही. चहा त्यानेच केला, आमच्याकडे पाठ करूनच, आणि कप मागे हात करून टेबलावर सरकवला. बऱ्याच वेळाने त्याच्याच्याने राहवेना. हळूच म्हणाला, "आयएसओ किती होता गं?"

"चौसष्टशे." म्हणजे अंधारासाठी कॅमेरा ताणता येईल तेवढा ताणला होता.

"आणि दाणे?"

मी पडद्याला नाक लावून बघितलं. "नाहीत."

"सावलीत? काळ्या भागात?"

"नाहीत रे कुठे."

 त्याची ती तिसरी कंपनी आमच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झोपली होती. "जिंकले लेकाचे," तो फ्रीजला म्हणाला. जो सामना तो दोन वर्षं लढत होता त्याचा निकाल त्याच्या पाठीमागे दोन हातांवर उघडा पडला होता, आणि तो बघत नव्हता. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकं वाटलं की काय सांगू. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याची पाठ इतकी कधी आवडली नव्हती.

संध्याकाळी जुवैना आली. आत येता येताच तिने विचारलं, "कौन खोला?"

मी सांगितलं. अगदी पाटासकट सगळं सांगितलं. तिने हसण्यावारी नेलं नाही. लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. आतून काहीच आवाज येत नव्हता. फोटो आवडले नसतील का, काही राहून गेलं असेल का, कुणाचा चेहरा तुटला असेल का. माझ्या डोक्यात नुसता भुगा. खूप वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. जुवैना मिलिंदशी कधी थेट बोलायची नाही, जे असेल ते माझ्यामार्फत. त्या दिवशी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाई, तुम्हारी बीवी ने मेरी बहन का बहुत अच्छा फोटो लिया. तुम को मालूम नहीं."

"नहीं मालूम, दीदी," मिलिंद म्हणाला.

सगळे फोटो भरलेला पेनड्राइव्ह तिने आपल्या पर्सच्या तळाशी घातला. मग माझ्याकडे वळली. "अब मिटा दे."

कॉम्प्युटरवरचे पुसले, पहिलं कार्ड पुसलं. दुसऱ्या कार्डाला माझा हात अडला. त्यात एक फोटो होता. दिवे मालवले होते, मी श्वास धरला होता, आणि तो आला होता. त्याआधी मला तसा फोटो कधी जमला नव्हता, आणि नंतर इतक्या लग्नांचे फोटो काढले तरी जमला नाही. आपल्याला जे येतं ते खरंच येतं याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की पुसायचं? जुवैना नुसती बघत होती. मी ओके दाबलं.

शनिवारी कॅमेरा परत केला. नौशादला म्हटलं, कॅमेरा झकास आहे, बोर्डासाठी फोटो मात्र नाही. तो म्हणाला, "मॅडम, ऐसा कैसे चलेगा?" पण पुढच्या महिन्यात मी त्याच्याकडूनच घेतला. मिलिंदनेच घे म्हटलं.

आता ती लढाईच उरलेली नाही. लाल काय, पिवळी काय, ते आरसे असलेले जड कॅमेरे कुणी मागत नाही. हॉलच्या दारात फोनच्या भिंगावर स्टिकर चिकटवून आत सोडतात. सई पुण्यात शिकते, फोनवरच फोटो काढते आणि चांगले काढते. काल खिडकीशी चहा पिताना मिलिंदने पुन्हा विचारलं. दर नोव्हेंबरला एकदा तरी विचारतोच.

"तो शेवटचा फोटो. नेमका काय होता गं त्यात?"

"खूप छान होता."

"म्हणजे कसा?"

मी त्याचा कप भरला. मी एवढं पान भरून लिहिलं, धूर सांगितला, ढोल सांगितला, फ्रीज सांगितला. मरियम कशी दिसत होती हे त्याला सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.